अडीच मिलिमीटरची कमान

गेल्या वर्षी आठ नोव्हेंबरला, शनिवारी, सकाळी साडेअकरा वाजता जळगावच्या एका लोखंडाच्या दुकानात मी तीन हजार सहाशे सत्त्याहत्तर रुपये भरले. हजर तिघे: दुकानदार, त्यांचा काट्यावरचा माणूस आणि मी. माझी मुलगी फोनवर होती, पण तिला तिथे हजर धरता येणार नाही. माल होता पंचवीस मिलिमीटर व्यासाचा गोल पोलादी पाइप, सहा-सहा मीटरच्या सहा लांब्या. पाच लांब्या दोन मिलिमीटर जाडीच्या, एक अडीचची. वजन भरले अडतीस किलो. घरून निघताना मी अंदाज काढला होता तो करासकट चार हजार त्र्याण्णवचा. म्हणजे चारशे सोळा रुपये कमी लागले. मी बिल दोनदा तपासले, गुणाकार बरोबर होता, आणि खूश होऊन घरी आलो.

हा पाइप एका गाडीसाठी होता. मुलगी धुळ्याला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, देवपुरात दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. तिच्या कॉलेजातल्या अकरा मुलामुलींनी मिळून एकाच माणसाने बसायची रेसची छोटी गाडी बांधायला घेतली होती. कॉलेजांची स्पर्धा असते, जानेवारीत होती. इंजिन जुन्या मोटारसायकलचे, आणि सगळी गाडी मिळून दोनशे दहा किलोच्या आत बसवायची. एवढ्या हलक्या गाडीला ट्रकसारखे दोन लांब लोखंडी पट्टे खाली टाकून चालत नाही. नळ्या एकमेकींना जोडून पिंजऱ्यासारखा सांगाडा करतात, आणि चालवणारा त्या पिंजऱ्याच्या आत बसतो.

हे मला तिने दिवाळीच्या सुट्टीत मेहरूणच्या आमच्या घरी स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून समजावले. खराट्याच्या काड्या आणि शिवणाचा दोरा घेऊन तिने आधी एक चौकट बांधली आणि कोपऱ्यावर बोट ठेवून दाबली. चौकट तिरकी झाली. मग एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात एक काडी तिरपी बांधली आणि पुन्हा दाबली. चौकट हलली नाही.

"बघा पप्पा, जास्त लोखंड नाही लागत. लोखंड कुठे आहे ते महत्त्वाचं."

"ही तर आमची कैची झाली," मी म्हणालो.

"खराटा नवा होता," तिची आई गॅसपाशी उभी राहून म्हणाली. "त्याचं कोण बघणार?"

मी शेड उभारणाऱ्या एका कंपनीत बावीस वर्षे खरेदी बघतो. कापसाच्या जिनिंगच्या शेड, डाळमिलच्या शेड, केळीची गोदामे. छपराखालच्या तिकोनी सांगाड्याला आमच्याकडे कैची म्हणतात, आणि कैचीत तिरपी नळी का लागते हे मला कोणी शिकवायला नको होते. त्यामुळे मुलीचा हा विषय मला आपला वाटला. बाजारात माझी ओळख आहे, पाइप मी आणून देतो, असे मीच म्हटले. तिने कागदावर जाडी लिहून दिली. चालवणाऱ्याच्या डोक्यामागे एक मोठी कमान असते आणि स्टिअरिंगच्या पुढे एक लहान कमान. गाडी उलटली तर डोके आणि जमीन यांच्यामध्ये या दोन कमानीच राहतात. त्यांना अडीच मिलिमीटर. बाकी सगळ्या नळ्यांना दोन.

आता माझी चूक सांगतो, कारण ती आमच्या धंद्यातल्या माणसाशिवाय कोणाकडून झाली नसती.

पाइप विकला जातो किलोवर आणि वापरला जातो मीटरवर. शेडला कैच्या किती मीटरच्या लागतात ते ठरलेले असते. मग पाइपची भिंत जरा पातळ असली तर तेवढ्याच किलोत जास्त मीटर मिळतात. म्हणून खरेदीवाले 'हलक्यातला द्या' म्हणतात, आणि दुकानदारही दोन मिलिमीटर म्हणून एक-आठचा, म्हणजे एक पूर्णांक आठ दशांशचा, माल देतो. यात कोणी कोणाला फसवत नाही. दोघांनाही ठाऊक असते, आणि आमचा इंजिनिअर शेडचा हिशोब करताना तेवढी घट धरतोच. बाजारातले दोन म्हणजे एक-आठ आणि बाजारातले अडीच म्हणजे दोन-दोन.

त्या शनिवारी मुलीचा कागद माझ्या खिशात होता. मी तो काढून वाचला आणि सवयीने म्हणालो, "हलक्यातला द्या, शेठ."

"तुम्हाला जड कधी दिलाय का, साहेब?" दुकानदार म्हणाले.

सांगाडा जोडायचे काम धरणगावच्या एका मिस्त्रींना दिले. वय पासष्टच्या पुढे. जिनिंगच्या मशिनी, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि आमच्या कैच्या त्यांच्या हातून गेलेल्या आहेत. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही म्हणतो. मुलीने त्यांना मोठा नकाशा दिला, प्रत्येक नळीला क्रमांक आणि लांबी टाकून. नानांनी चष्मा लावून तो अर्धा तास पाहिला आणि एकच विचारले, मागची कमान एका अखंड पाइपची पाहिजे की जोड चालेल. ती म्हणाली, अखंड. नानांनी मान हलवली. मजुरी नऊ हजार ठरली, ती मुलांच्या वर्गणीतून जायची होती. महिन्याभरात सांगाडा तयार झाला आणि छोट्या टेम्पोतून देवपूरला गेला.

चौदा डिसेंबरला, रविवारी, आम्ही नवरा-बायको डबा घेऊन तो बघायला गेलो. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये दोन लाकडी घोड्यांवर सांगाडा ठेवला होता, अजून रंग दिलेला नव्हता. इंजिन शेजारी जमिनीवर होते. ते सोमवारी बसवून बुधवारी मैदानावर गाडी पहिल्यांदा चालवायची, असे ठरले होते. चालवणार माझी मुलगी, कारण अकरा जणांत तीच सर्वांत हलकी. सेहेचाळीस किलो.

इंजिन चढवण्याआधी नुसत्या सांगाड्याचे वजन घ्यायचे होते. मोठा काटा मिळेना म्हणून मुलांनी गल्लीतल्या भंगारवाल्याला त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यासकट बोलावले होते. त्याने सांगाड्याभोवती एक चक्कर मारली.

"लोखंडाचा भाव देऊ की गाडीचा?"

"काका, फक्त वजन."

"वजनाचे वीस रुपये. विकायची झाली तर आधी मला सांगा."

काट्यावर आकडा आला चौतीस किलो सहाशे ग्रॅम.

मुलांनी कागदावर वजन काढले होते साडेसदतीस. म्हणजे गाडी आपोआप दोन किलो नऊशे ग्रॅमने हलकी झाली. रेसच्या गाडीत ही लॉटरीच. मुले टाळ्या देऊ लागली, कोणी काट्याचा फोटो काढला. माझी मुलगी माझ्याकडे बघून हसली. मी हसलो नाही. बावीस वर्षांत वजन आपोआप कमी झालेले मी पाहिलेले नाही. ते कुठून तरी कमी होते.

मी बाहेर जाऊन फोनवर बिलाचा फोटो उघडला. छत्तीस मीटर पाइप, वजन अडतीस किलो. नकाशातल्या जाडीने ते बेचाळीस किलोच्या वर भरायला हवे होते. त्या दिवशी मी किलो आणि भावाचा गुणाकार तपासला होता. किलो आणि मीटरचा मेळ बसवून पाहिला नव्हता, कारण तो न बसणे हाच आमचा फायदा असतो. हलका माल मी मागून आणला होता, आणि तो आता माझ्या मुलीच्या डोक्यामागे वाकवून बसवलेला होता.

मग मी कमानी धरून आणि सोडून असा दोन्ही तऱ्हेने हिशोब केला. फक्त दोनचे पाइप पातळ असतील तर तूट साधारण दोन-नऊ येत होती. कमानीही पातळ असतील तर साडेतीनच्या पुढे. यावरून कमानी बऱ्या असाव्यात असे वाटत होते. पण वेल्डिंगचा माल आणि इंजिन अडकवायच्या पट्ट्यांचे वजन मुलांनी अंदाजाने धरले होते, आणि सहा-सातशे ग्रॅमची चूक तिथेही लपू शकत होती. बरे, माझ्या पाइपखेरीज दुसरा पाइप तिथे येणार कुठून? सांगाड्याच्या सगळ्या नळ्यांची तोंडे बंद. बाहेरून जाडी मोजायला जागा नाही.

मुलीला बाजूला घेऊन मी सगळे सांगितले. ती म्हणाली, "बाकीच्या नळ्यांचं बघता येईल, पप्पा. नियमात तिथे पावणेदोन चालतं. बाजारात पावणेदोन मिळत नाही म्हणून आम्ही दोन लिहिलं. पण कमानीला अडीच म्हणजे अडीचच."

"आणि नसली तर?"

"कमान कापून परत करायची तर आजूबाजूच्या अकरा नळ्या सोडवाव्या लागतील. जानेवारी जाईल. पण मग मी त्यात बसणार नाही. कोणालाच बसू देणार नाही."

नानांना तीनदा फोन लावला. बंद. तेव्हा तिला गाडीत घेतले आणि परतीच्या वाटेवर एरंडोलहून धरणगावकडे आत वळायचे ठरवले. पारोळा मागे पडले.

"किती वाचले होते म्हणालात?" बायकोने विचारले.

"चारशे सोळा."

"मला सांगितलं होतं तेव्हा किती आनंदात होतात."

"आई, पुरे," मागून मुलगी म्हणाली.

"पुरे काय? घरात दूध आणलं तरी पिशवी हातावर तोलतात. आणि इथे..." ती खिडकीबाहेर बघू लागली. मी डावीकडून ओव्हरटेक करणाऱ्या एका ट्रकला जागा दिली. ती रागावली आहे हे मला एका परीने बरे वाटत होते. ती गप्प बसली असती तर मला जास्त भीती वाटली असती.

नाना दुकानापुढे एका ट्रॉलीच्या फाळक्याला बिजागरी लावत बसले होते. दुपारचे चार वाजले होते. आम्हाला तिघांना एकदम पाहून त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"या भाऊ. तुकडा मोजाले उनात का?" तुकडे मोजायला आलात का, असे ते त्यांच्या अहिराणीत विचारत होते.

काम झाल्यावर उरलेले पाइपचे तुकडे मी नेहमी मोजून परत नेतो. त्यावरून नाना मला कायम टोमणा मारतात. या वेळी घरचे काम म्हणून मी तुकडे मागितलेच नव्हते.

"नाना, मागची कमान कोणत्या पाइपची आहे?" मी उभ्या उभ्याच विचारले.

"कागदवर काय लिखेल शे?"

"अडीच."

"मंग अडीचनीच शे."

"पण मी आणून दिलेला पाइप अडीचचा नव्हता, नाना. बाजारातला अडीच होता."

"ते माले म्हाईत शे," नाना म्हणाले. ते उठून आत गेले आणि एक वाकडा पाइप घेऊन आले. मी दिलेला अडीचचा. आत कोरडी वाळू ठासून त्यांनी तो कमानीसारखा वाकवून पाहिला होता. वळणावर तो केळीच्या सोपटासारखा चपटा झाला होता आणि आतल्या बाजूला सुरकुत्या पडल्या होत्या. "हाऊ देखा तुमना पाइप. टोकले मोजा, दोन-दोन भरना. गेटले चालस. गाडीले नही. त्यामा पोर बसनार शे."

माझी मुलगी खाली ट्रॉलीच्या दांडीवर बसली. नंतर नाना सांगत गेले ते असे. पाइप चपटा झाल्यावर त्यांनी नकाशा पुन्हा पाहिला. नकाशात अडीच, हातात दोन-दोन. मग दुसऱ्या दिवशी ते जळगावला औद्योगिक वसाहतीत गेले, हायड्रॉलिकच्या कामाला लागतो तसला बिनजोडाचा नवा पाइप खरा अडीचचा पाहून घेतला, दुकानातच पट्टीने दोन्ही टोकांना मोजला, बसच्या टपावर टाकून आणला, आणि दोन्ही कमानी त्याच्याच केल्या. पावती त्यांच्या डब्यात होती. त्यांनी ती काढून दाखवली. शिवाय त्या पाइपचा उरलेला तुकडाही दाखवला. मी नानांचा जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. अडीचच्या वर दोन-तीन रेघा.

मी तो आकडा मुलीला दाखवला, तिने तो आईला दाखवला. बायकोला व्हर्नियर वाचता येत नाही, तरी तिने तो हातात घेऊन नीट पाहिला आणि मग पदराने चेहरा पुसला. दिवस थंडीचे होते. घाम यायचे कारण नव्हते.

"नाना, मला एक फोन करायचा ना," मी म्हणालो.

"तुमले सांगतू तं तुमी तीन दुकानमा भाव कराले जातात. मन्हं काम आडकी पडतं."

"अगदी बरोबर ओळखलंत, नाना," बायको म्हणाली. धुळ्याहून निघाल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

"आणि पैसे? पावती का नाही पाठवली?"

"तुमी तुकडा मांगाले येशात, तव्हय देसू म्हनं. तुमी उनातच नही." माझ्या कंजूषपणावर त्यांचा पूर्ण भरवसा होता. तुकडे मोजायला मी येणारच, तेव्हा पावती देऊ, असे धरून ते महिनाभर थांबले होते.

पण काम संपले नव्हते. पावणेदोनचा प्रश्न राहिला होता. "बठ्ठा तुकडा ठेयेल शेतस," म्हणत नानांनी कोपऱ्यातून माझ्या पाच लांब्यांचे, आकडा टाकून जपून ठेवलेले पाच तुकडे काढले. मी एकेक मोजत गेलो आणि मुलगी लिहीत गेली. एक-ब्याऐंशी, एक-ऐंशी, एक-चौऱ्याऐंशी, एक-एक्क्याऐंशी. पाचवा एक-अडुसष्ट. म्हणजे चार लांब्या चालण्यासारख्या, एक नाही. पाचव्या लांबीचे तुकडे सांगाड्यात कुठे गेले ते शोधायला हवे होते, आणि नळ्या एकूण बावन्न.

इथे नानांची काम करण्याची रीत उपयोगी पडली. पाइप वाया जाऊ नये म्हणून ते एक लांबी पूर्ण संपवल्याशिवाय दुसरीला हात लावत नाहीत, आणि कापलेल्या प्रत्येक नळीपुढे ती कितव्या लांबीतली तो आकडा पेन्सिलीने टाकतात. नकाशाच्या कडेला तेलकट बोटांच्या ठशांमध्ये ते आकडे होते. पाचच्या आकड्यापुढे फक्त चार नळ्या निघाल्या, कारण शेवटच्या लांबीतून फारसे कापावेच लागले नव्हते. त्यांतल्या तीन नाकाकडच्या टोकाला, जिथे नियमात दीड मिलिमीटरही चालते. चौथी डाव्या बाजूची, चालवणाऱ्याच्या कोपराजवळची. तिथे पावणेदोन लागते. लांबी बासष्ट सेंटिमीटर.

"एकच नळी," मुलगी म्हणाली. तिने नकाशावर त्या नळीभोवती गोल काढला आणि त्यावर पुन्हा एकदा काढला. "पप्पा, एकच."

नानांच्या घरून चहा आला. मी दोन कप प्यायलो. इतका गोड चहा मी एरवी पीत नाही, साखरेचा त्रास आहे.

मंगळवारी मी रजा टाकली. नाना सकाळच्या बसने त्यांची वेल्डिंगची कांडी-काचेची पिशवी आणि एक-चौऱ्याऐंशीच्या लांबीचा तुकडा घेऊन देवपूरला आले. डावीकडची नळी कापली, टोके घासून गोलाईत बसवली, जोडली. कापलेली नळी मुलांनी मोजली, एक-अडुसष्टच होती, तेव्हा पेन्सिलीच्या आकड्यांवर सगळ्यांचा विश्वास बसला. तरी मुलगी म्हणाली, कमानीचे एकदा डोळ्यांनी बघू. स्पर्धेत तपासनीस कमानीला छोटे भोक पाडून जाडी बघतात, ते भोक आपणच पाडून ठेवू. तिने स्वतः ड्रिल धरले. नानांनी तारेचा बारीक आकडा करून आत घातला, भिंतीच्या आतल्या कडेला अडकवला, बाहेरच्या कडेशी नखाने खूण धरली आणि तार पट्टीवर ठेवली. अडीचला थोडे वर. मी ते दोनदा मोजायला लावले. दुसऱ्यांदा मोजताना नाना काहीतरी पुटपुटले. ते मी लिहीत नाही.

इंजिन सोमवारऐवजी बुधवारी बसले, त्यामुळे गाडी गुरुवारी चालली. मी रजा वाढवली. कॉलेजच्या मैदानावर मुलांनी विटा ठेवून वाट आखली होती. मुलगी हेल्मेट घालून आत बसली तेव्हा कमानीचा वरचा भाग तिच्या डोक्यावर चार बोटे होता. ते अंतरही नियमात आहे, मी विचारून घेतले. पहिल्या फेरीत तिने दोन विटा उडवल्या. तिसऱ्या वळणावर मागचे चाक घसरले, गाडी आडवी फिरली आणि धुळीत उभी राहिली. मी पळायला लागलो. मी पोचायच्या आत तिने हात वर केला आणि इंजिन पुन्हा सुरू केले. गाडी उलटली नव्हती, कमानीला काही करावे लागले नव्हते, आणि माझी तक्रार नव्हती. बायकोला फोन करून सांगितले, फेऱ्या अकरा झाल्या, सगळे ठीक. घसरल्याचे सांगितले नाही. ते मुलीने त्या रविवारी सांगितले, त्यावर जे ऐकायचे ते मी ऐकून घेतले.

जानेवारीत स्पर्धेच्या तपासणीत सांगाडा एका दमात पास झाला. शर्यतीत त्यांची गाडी मधे कुठेतरी आली, त्याचे मला फारसे काही वाटले नाही.

स्पर्धेहून ती परत आल्यावर मी धरणगावला जाऊन नानांचा हिशोब केला. बिनजोडाच्या पाइपचे पावतीप्रमाणे एक हजार तीनशे पंच्याहत्तर. एक नळी बदलण्याचे त्यांनी दोनशे सांगितले, ते दोनशे, भाव न करता. जळगाव आणि देवपूरच्या फेऱ्यांचे बसभाडे ते घेत नव्हते. पासष्टी उलटल्यामुळे आपल्याला अर्धेच तिकीट लागते, त्याचे काय घ्यायचे, असे त्यांचे म्हणणे. मी अर्ध्या तिकिटाने हिशोब करून एकशे दहा धरले. एकूण एक हजार सहाशे पंच्याऐंशी रुपये, रोख, नानांच्या हातात दिले.